आधी तिचं झाड, मग पाणी

आमच्या मंडळीत बाप्तिस्मा घ्यायचा तर आधी सगळ्यांसमोर उभं राहून आपलं पाप कबूल करावं लागतं. माझं पाप कोणतं, हे मला विचारायच्या आधीच पाळकसाहेबांनी ठरवून टाकलं होतं. मी मोहाची फुलं वेचते. मोहाची दारू होते, म्हणून मोह वेचणं पाप. सिरोंच्याहून मोटारसायकलवर येणाऱ्या माणसाला, प्राणहितेकाठच्या आमच्या गावात उन्हाळ्यात दुसरं काय हाताला लागतं, हे कोण सांगणार? मीच सांगितलं.

"पाळकसाहेब, मोह वेचूनच मी लेकीले शिकवलं. त्याचा पश्चात्ताप मी या जन्मी करणार नाई."

"मंग तारण कसं होईन, बाई?"

तारण मला हवं होतं. हे आधीच सांगते, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल की ही बाई नुसती भांडखोर. नवरा गेल्यावर दोन वर्षं मी दर रविवारी मंडळीच्या पत्र्याच्या शेडमध्ये मागच्या चटईवर बसत होते. बाप्तिस्म्याशिवाय माझी सुटका नाही, असं मला मनापासून वाटत होतं. कारण माझ्याजवळ एक खरं पाप होतं आणि ते मोह वेचण्याचं नव्हतं.

आमच्याकडे मोहाची झाडं जंगलात असली तरी ती घराघरांची ठरलेली असतात. फुलं गळायला लागण्याआधी जो तो आपल्या झाडाखालचा पालापाचोळा जाळतो, म्हणजे साफ जमिनीवर पडलेली फुलं वेचायला सोपी जातात. आग विझेपर्यंत तिथून हलायचं नसतं, हे लेकरालाही माहीत असतं. आठ वर्षांपूर्वी मी पाला पेटवला आणि चुलीवर भात ठेवलाय म्हणून घरी निघून आले. वारा सुटला, आग बांबूत शिरली. आग कोणी लावली, असं वनरक्षकानं विचारलं तेव्हा मी शेजारच्या झाडाकडे बोट दाखवलं.

ते झाड आमच्या घरामागे राहणाऱ्या बाईचं होतं. माझ्याहून दहा वर्षांनी मोठी. माझ्या बाळंतपणात तिनंच मला शेक दिला होता. वनखात्याच्या कचेरीत तिला दिवसभर बसवून ठेवलं. मग ग्रामसभेनं ठरवलं की जिची आग हाताबाहेर गेली, तिचं झाड गेलं. ते गेलं कोणाकडे? सगळ्यांत जवळचं झाड माझं, म्हणून माझ्याकडे. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात. मला तर बोंबही मारावी लागली नाही. आठ उन्हाळे मी तिच्या झाडाची फुलं वेचली, सुकवली, विकली.

हे सगळं मी पाळकसाहेबांना सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला.

"जुनं झालं ते. देवाजवळ एकटीच बोल. पाण्यात उतरली का सगळं धुतलं जाते. गावात सांगत फिरू नको, केस होईन. मंडळीचं नाव खराब होईन."

माझं डोकं फिरलं. ज्यानं कोणाचं काही बिघडलं नाही ते चारचौघांत बोल म्हणे, आणि जिच्या तोंडचा घास काढला तिला कळू देऊ नको! असला पश्चात्ताप मला नको होता. मी म्हटलं, "मी धुतली जाईन, ठीक हाय. पण तिचं झाड हे पाणी आणून देईन काय?"

ग्रामसभेत मी उभी राहिले. आवाज मोठा निघाला. आग माझी होती, मी खोटं बोलले, तिचं झाड तिला द्या. तिचं झाड तिला परत मिळालं. माझं झाड तीन उन्हाळ्यांसाठी गेलं आणि ते मी मान्य केलं. ती बाई जागची उठली नाही. एवढंच म्हणाली, "आठ वर्सं काऊन गप्प होतीस?" सुरुवातीला भीती होती म्हणून. आणि खरं सांगायचं तर तिच्या झाडाला फुलं फार यायची. हे उत्तर माझ्या तोंडून निघालं नाही.

पुढच्या रविवारी नदीवर बाप्तिस्मे होते. माझं नाव वगळलं होतं. मी पांढरी साडी नेसून गेले आणि सरळ रांगेत उभी राहिले. निम्मं गाव काठावर बघायला आलं होतं. माझी पाळी आली तेव्हा पाळकसाहेब कमरेएवढ्या पाण्यात उभे होते.

"मोह सोडला काय?"

"नाई. तीन उन्हाळे सरले का पुन्हा वेचीन."

"मंग तू पश्चात्ताप केला तरी कशाचा?"

उत्तर काठावरून आलं. ती बाई तिथं गोधड्या धुवायला आली होती. तिला येशूशी काही देणंघेणं नाही.

"केला तिनं. माह्यासमोर केला, साऱ्या गावासमोर केला. पण मी माफ नाई केलं, साहेब. हेबी आयकून ठेवा."

मला रडू फुटलं, पण मी मागे सरले नाही. "बाईचं खरं हाय," मी म्हटलं. "तिनं माफ करावं म्हणून मी बोललीच नाई. बुडवा आता."

त्यांचा हात माझ्या डोक्यावर यायला वेळ लागला, पण आला. पाण्यातून वर आले तेव्हा ती पाठ करून गोधडी आपटत होती. माझं तारण झालं असं मंडळी म्हणते. तिनं मला अजून माफ केलेलं नाही, आणि तिनं करावं असं मी देवाकडेही मागणार नाही.