नलूचा जॉब पुढे कुणी नेला?

आधीच सांगून टाकते, भूतखेत, करणी, अंगात येणं — यातलं मला काही म्हणजे काही पटत नाही. चतुर्थीचा उपास मी साबुदाण्याच्या खिचडीसाठी करते, देवासाठी नाही. त्यामुळे हे वाचून कुणी 'ताई, शांत करून घ्या' वगैरे सुचवू नये. घडलं ते लिहितेय, बस.

ऐंशीच्या दशकातली शेवटची वर्षं. अंधेरी पूर्वेला, एमआयडीसीत, तिसऱ्या मजल्यावर आमची छोटी कंपनी होती. बाहेरच्या कंपन्यांचे हिशेब आम्ही कॉम्प्युटरवर करून द्यायचो. कॉम्प्युटर एकच! काचेच्या एसी खोलीत, चपला बाहेर काढून आत जायचं. बाहेर हॉलमध्ये दहा-बारा टर्मिनल, म्हणजे नुसते स्क्रीन आणि कीबोर्ड, आणि सगळ्यांचे जॉब, म्हणजे करायला दिलेली कामं, त्या एकाच मशीनवर. मी ऑपरेटर. कुठल्या जॉबला मशीनचा किती वेळ मिळेल, कोण पुढे, कोण मागे, ते माझ्या हातात. आपला जॉब मागे ढकलायची मुभा सगळ्यांना होती, पुढे आणायची मात्र फक्त दोघांना — मला आणि आमच्या मॅनेजर देशपांडे साहेबांना.

त्यामुळे दिवसभर काचेवर टकटक. "शुभाताई, मला पुढे घे ना यार, कटिंग पाजतो!" हा आमचा गिरीश. त्याचा जॉब कायम अर्जंट.

टर्मिनलवर बसणाऱ्या आमच्या नलूने कधीच टकटक केली नाही. ती उलट स्वतःचा जॉब स्वतःच सगळ्यात तळाला टाकायची. सगळ्यांचं झाल्यावर उरलासुरला वेळ मिळाला तर तिचा जॉब हलायचा. मी ओरडायचे, "अगं, तुझं काम कधी होणार?" ती हसायची. "माका काय घाई नाय गो." मूळची मालवणकडची, जोगेश्वरीला सासर. सासू, नवरा, दोन दीर, एक नणंद. जेवायला सगळ्यांच्या मागून बसायची, हे तिनेच सांगितलेलं, तेही तक्रार म्हणून नव्हे.

पोट दुखतं म्हणत होती. डबा तसाच परत न्यायची. मी म्हटलं, "डॉक्टरकडे जा बाई." तर म्हणे, "नणंदेचा लग्न होऊ दे, मगे बघू. बरा होतला."

शुक्रवारी तिने एक मोठा जॉब लावला, नेहमीसारखा तळाला, आणि घरी गेली. सोमवारी सकाळी साहेबांनी सगळ्यांना उभं करून सांगितलं. रविवारी अपेंडिक्स फुटलं, दवाखान्यात न्यायला उशीर झाला. नलू गेली.

मला रडू आलं नाही. मी चपला काढल्या, आत गेले आणि रोजच्यासारखी मशीनवर टेप चढवली. आतून काही हललंच नाही माझ्या. जोगेश्वरीला भेटायला गेले, तिथेही नुसती बसून आले.

मंगळवारी दुपारी जेवून आलो, तर सगळे टर्मिनल ठप्प. "वाट लागली! शुभा, कोण खातंय मशीन?" गिरीश बाहेरून ओरडला. मी स्क्रीनवर पाहिलं. नलूचा जॉब. तो अजून चालू आहे हेच मी विसरले होते. आणि तो तळाला नव्हता, सगळ्यांच्या पुढे होता. अख्खं मशीन एकटा घेऊन बसला होता.

मी त्याला मागे टाकला. थोड्या वेळाने परत पुढे. पुन्हा मागे टाकला... पुन्हा पुढे!

साहेब बाहेरून आले, तेव्हा मी त्यांना स्क्रीन दाखवला.

"तू केलंस?"

"नाही हो साहेब. मी कशाला करीन?"

त्यांनी तिथल्या तिथे जॉब पुढे आणायचा पासवर्ड बदलला. मलाही सांगितला नाही. स्वतः जॉब तळाला नेला आणि आम्ही दोघं हात मागे घेऊन बघत उभे राहिलो. कीबोर्डला कुणाचा हात नव्हता. स्क्रीनवरचा रांगेतला आकडा बदलला आणि नलूचा जॉब पुढे आला.

साहेबांनी घड्याळ पाहिलं. मग म्हणाले, "मार तो जॉब. संध्याकाळी दुसऱ्या पार्टीचा माणूस त्यांच्या हिशेबाची टेप न्यायला येतोय." पासवर्ड टाकून खुर्ची मला दिली.

मारला, म्हणजे मधेच बंद केला असता, तर तिचं शुक्रवारपासूनचं सगळं काम गेलं असतं. मधलं काही साठत नव्हतं. पूर्ण झालं तरच हाती लागणार होतं. मी कमांड टाइप केली. नुसती एक की दाबायची होती.

"नाही मारणार, साहेब," मी म्हटलं. आवाज मलाच परका वाटला. "तिला आजवर कुणी पुढे जाऊ दिलं नाही. आज जाऊ दे."

काचेपलीकडे सगळे जमले होते. गिरीश दार उघडून, चपलांसकट आत आला. "राहू दे ना साहेब. थांबतो आम्ही."

साहेबांनी मान डोलावली. सगळे आपापल्या बंद पडल्यासारख्या टर्मिनलसमोर जाऊन बसले. कुणी घरी गेलं नाही. संध्याकाळी जॉब आपोआप संपला, प्रिंटर सुरू झाला. काम अगदी बरोबर होतं. टेप न मिळालेल्या पार्टीच्या शिव्या साहेबांनी फोनवर निमूट ऐकल्या.

मशीनचा इंजिनियर येऊन दोन दिवस सगळं उलटंपालटं करून गेला. त्याला काही सापडलं नाही. "होतं असं कधीकधी," म्हणाला. माझ्या अख्ख्या नोकरीत परत कधी झालं नाही.

पुढच्या आठवड्यात नलूचा नवरा तिचं सामान न्यायला आला. डबा, स्वेटर, छत्री. मी त्याला सांगितलं, "तिचं शेवटचं काम पूर्ण झालं हो." तो छत्री हातात धरून उभा राहिला.

"तिचं कुठलंच काम अर्धं नसायचं," तो म्हणाला. "फक्त डॉक्टरकडे जायचं तेवढं राहिलं."

मी त्याला चहा विचारला.

त्या रात्री घरी पहिल्यांदाच सगळ्यांच्या आधी मी माझं ताट वाढून घेतलं. सासूबाई बघत राहिल्या. दोन घास खाल्ले, आणि मग जे रडू फुटलं ते आवरेना.

तो जॉब पुढे कुणी नेला, ते मला आजही सांगता येत नाही.