सहा कुंड्या गेल्या कुठं?

आमच्या सरांइतका संशयी माणूस पेणपासून रोह्यापर्यंत दुसरा सापडायचा नाही, आणि इतका मायाळूही. मी रोह्याच्या कॉलेजात एम.एस्सी.ला त्यांच्या हाताखाली गेले तेव्हा आमचं घर म्हणजे पेणच्या रामवाडीतली एक खोली आणि पुढचं टीचभर अंगण. आई लोकांचे पापड लाटायची, बाबा कंपनीत कंत्राटी शिफ्ट करायचे. वाळत घातलेल्या पापडांमधून उरेल तेवढ्या जागेत मी अभ्यास केला. घरात पदवी आणणारी पहिली मीच, आणि त्याचा मला गर्व होता, आजही आहे.

सरांना कुठलीही गोष्ट पुराव्याशिवाय गिळवत नसे. स्टेशनबाहेरचा चहावाला 'स्पेशल' म्हणाला की हे विचारणार, "कशाच्या तुलनेत?" पुतणीला स्थळ आलं. मध्यस्थ म्हणाला, मुलगा स्वभावाने गरीब आहे. सर वही उघडून बसले. "किती जणांना विचारलंत? त्यातले नातेवाईक किती?" मध्यस्थ चहा न पिताच उठला. लग्न झालं, पण पुढच्या बैठकांना सरांना कुणी बोलावलं नाही.

याच स्वभावातून त्यांनी संगणकावर एक प्रोग्राम लिहिला. त्याला ते चाळणी म्हणत. तज्ज्ञांनी तपासण्याआधीच इंटरनेटवर ठेवलेले शोधनिबंध, म्हणजे प्रीप्रिंट, ती आपोआप वाचायची आणि विचारायची: मूळ आकडे सगळ्यांना बघायला ठेवलेत का? नमुने किती? काही वगळलं असेल तर का, ते लिहिलंय का? वाचून दुसऱ्याला तोच प्रयोग करता येईल का? पहिल्यांदा त्यांनी स्वतःचाच जुना निबंध चाळला. नापास! दुसऱ्या दिवशी वर्गात पेढे वाटले. "चाळणी चालते!"

मग माझा पहिला निबंध आला. कासू गावाकडच्या खारवट मातीत भाताची कुठली जात टिकते, ते मी अंगणात कुंड्या मांडून, त्यांना रोज खारं पाणी घालून बघितलं होतं. प्रीप्रिंट टाकला आणि चाळणीने तासाभरात लाल खूण केली. पद्धतीत तीस कुंड्या, तक्त्यात चोवीस.

"सहा गेल्या कुठं?" सरांनी विचारलं.

सांगायची लाज वाटली, तरी सांगितलं. मी कॉलेजात असताना त्या सहांत आईने गोडं पाणी ओतलं होतं. हे लिहिलं तर लोक हसतील, पापडवालीच्या दारातलं विज्ञान म्हणतील.

"मग निबंध मागे घे," सर म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी थेट घरी आले. आई पोळपाटासमोरून उठलीसुद्धा नाही.

"ताई, पाणी किती घातलंत?"

"मोजून कोण घालतंय? रोपं माना टाकून व्हती. ही त्यांना रोज खारं पाजायची. मला नाय बघवलं."

"किती दिवस?"

"दोन. तिसऱ्या दिवशी हिनं बघितलं नि माझ्यावर वरडली. लिव्हा, ते पण लिव्हा."

सर खळखळून हसले. "इतकं स्वच्छ उत्तर मला कुठल्या प्राध्यापकाने दिलेलं नाही. हेच लिही."

लिहिलं. 'सहा कुंड्यांना संशोधिकेच्या आईने दोन दिवस गोडं पाणी दिल्यामुळे त्या वगळल्या.' तिसांचेही आकडे उघड ठेवले. कुणीही हसलं नाही.

सर आता निवृत्त होऊन मुलीकडे राहतात. नजर अधू झालीय, चाळणी दुसरं कुणीतरी सांभाळतं. गेल्या महिन्यात मला एका अनोळखी मुलीची मेल आली. दुसऱ्या जिल्ह्यातल्या खाडीकाठची माती घेऊन, माझा निबंध समोर ठेवून, तिने तोच प्रयोग केला होता. मी ती मेल सरांना फोनवर वाचून दाखवली. त्यांनी एकही प्रश्न विचारला नाही, आणि मला उगाच चुकल्याचुकल्यासारखं वाटलं.

तिच्या कुंड्यांतही तीच जात टिकली होती.