आम्रपालीच्या मणक्यातलं सिमेंट

आम्रपाली वाहुरवाघ पुण्यात पीएमटी बसवर कंडक्टर होती आणि गाडीतल्या स्वतःच्या सीटवर ती क्वचितच बसायची. घरीही तेच. येरवड्यातल्या दोन खोल्यांत ती कोथिंबीर निवडतानासुद्धा फेऱ्या मारायची. नवरा हिंमतराव अकोल्याकडचा. तो म्हणायचा, "जरा टेक न. काहून भिंगरीसारखी फिरते?"

काही वर्षांपूर्वी तिला स्तनाचा कॅन्सर झाला होता. ऑपरेशन झालं, केमो झाले, केस परत आले आणि तो विषय घरात बंद झाला. म्हणून कमरेच्या वर दुखायला लागलं तेव्हा तिने रस्त्यातल्या खड्ड्यांना दोष दिला. बाम झाला, पट्टा झाला. दुखणं हटेना. उभं राहवेना, बसलं की आणखी वाढे आणि अंथरुणात कूस बदलताना तर डोळ्यांपुढे अंधारी येई. मग एका दुपारी ड्रायव्हरने जोरात ब्रेक दाबला आणि तिच्या पाठीत सुरा खुपसल्यासारखी कळ गेली. दांडा धरून, घामाने निथळत तिने डेपो येईपर्यंत तिकिटं दिली.

एमआरआयमध्ये कळलं, की कॅन्सर मणक्यात उतरला आहे. एक मणका आतून पोखरून दबला होता.

"पाय जातील का माझे?" तिने डॉक्टर नीरजा मॅडमना विचारलं.

"आज तसं काही नाही. मज्जारज्जूवर दाब आलेला नाही. पण फार थांबायला नको." डॉक्टरांनी उपाय समजावला. पाठीतून मणक्यात सुया घालायच्या, तिथली गाठ उष्णतेने जाळायची आणि पोकळीत हाडाचं सिमेंट भरायचं. भूल फक्त तेवढ्या जागेपुरती. सगळं ठीक असेल तर संध्याकाळी घरी.

हिंमतरावाला ते पटेना. "सुईनं काय होते, डॉक्टर? पाठ उघडून सगळंच काढून टाका न."

"सगळं निघणार नाही. मोठ्या ऑपरेशनची जखम भरेपर्यंत बाकीचे उपचार खोळंबतील. यानं दुखणं कमी होईल, मणक्याला आधार मिळेल. कॅन्सर मात्र यानं जाणार नाही. त्यासाठी नंतर रेडिएशन आणि गोळ्या." मग त्या आम्रपालीकडे वळल्या. "सिमेंट थोडं बाहेर झिरपण्याचा धोका असतो. आम्ही एक्स-रेवर बघत बघत भरतो. तुम्ही फक्त हलायचं नाही."

"तेच तर इला जमत नाही," हिंमतराव म्हणाला.

तारीख मिळेपर्यंतचे दिवस वाईट गेले. हिंमतराव कंपनीतून रोज नवा सल्ला घेऊन यायचा. कोणाचा वैद्य, कोणाचा मुंबईचा सर्जन. पट्टा आवळून ती दारापासून खिडकीपर्यंत जायची, वळायची, कळ आली की भिंतीला हात टेकायची. शेवटी ती म्हणाली, "अहो, पाठ माझी आहे. सुया मी टोचून घेणार. तुम्ही फक्त सोबत या." दुसऱ्या दिवशी त्याने रजा टाकली.

टेबलावर तिला पालथं निजवलं. झोप येईल असं औषध दिलं होतं, पण झोप कसली. भूल दिलेल्या जागी दुखत नव्हतं. सुई हाडात शिरताना हातोडीचे हलके ठोके मात्र थेट छातीत जाणवत होते. उठून पळावं असं तिला वाटलं. तिने दात आवळले.

"डॉक्टर, पायाची बोटं तरी हलवू का?"

"हलवा की. आम्हालाही ते बघायचंच आहे."

मग सिमेंट भरून होईपर्यंत तिच्या दहाही बोटांनी सारखी चुळबुळ केली. बाकी अंग दगडासारखं पडून होतं.

दोन-तीन तासांनी तिला उठवलं. टोचलेली जागा ठणकत होती, पण आतली ती जुनी कळ मात्र आली नाही. तिने वाकून पाहिलं, मग पुन्हा एकदा. "अहो, नाही येत," ती हळूच म्हणाली. हिंमतराव तोंड फिरवून खिडकीबाहेर बघत राहिला.

रेडिएशन झालं, गोळ्या चालू आहेत. डेपोने तिला खुर्चीवरचं काम दिलं, ते तिला आवडत नाही. कधी खांद्यात, कधी मांडीत चमक निघाली की तिचा हात थांबतो. हे साधंच आहे की पुन्हा तेच, हे पुढच्या स्कॅनपर्यंत कळत नाही. परवा तसंच झालं, तेव्हा हिंमतरावाने विचारलं, "जायचं का डॉक्टरकडे?"

"उद्या फोन करू," ती म्हणाली. "आता चला, भाजी आणायची आहे." चप्पल घालून ती त्याच्या आधी जिना उतरली.