रझिया झिजली नव्हती

अमरावतीत सकाळी मेथी निवडत बसले होते तेव्हा अकोल्याहून सलीमभाईंचा फोन आला. "विद्याताई, आपा गेली..." एवढंच बोलले. फोन तसाच चालू राहिला, मागून बायकांचा आवाज येत होता. सलीमभाई रझियाचे धाकटे भाऊ. "निघते मी," एवढंच म्हणाले आणि मेथी तशीच टाकून उठले.

पंधरा-वीस दिवसांनी, ती जिथून निवृत्त झाली त्या अकोल्याच्या शाळेत शोकसभा झाली. पहिले वक्ते म्हणाले, रझिया मॅडम चंदनासारख्या झिजल्या. दुसऱ्यांनीही तेच म्हटलं. तिसऱ्यांनी चंदनाचा सुगंधही जोडला तेव्हा मात्र मला बसवेना. माझं नाव बोलणाऱ्यांत नव्हतं, तरी उभी राहिले. म्हटलं, "माफ करा, चंदनाला कुणीतरी धरून सहाणेवर घासावं लागतं. रझियाला धरायची कुणाची हिंमत होती?" मागच्या बाकावरच्या तिच्या दोन विद्यार्थिनी मोठ्यानं हसल्या आणि मग रडायलाच लागल्या. सभेत मला पुढे बोलता आलं नाही, म्हणून हे लिहिते आहे.

आमची ओळख घाटापलीकडच्या धारणीच्या शाळेतली. दोघीही नव्यानं नोकरीला लागलेल्या. मी मराठी शिकवायचे, ती इंग्रजी. खोली एक, स्टोव्ह एक, आणि भांडणं रोजची. ती अकोल्याच्या जठारपेठेत वाढलेली, घरात हिंदी-उर्दू, बाहेर ठणठणीत वऱ्हाडी. माझं पुस्तकी मराठी ऐकून म्हणायची, "तू बोलते का शुद्धलेखन घालते?" शाळेत आसपासच्या पाड्यांवरच्या कोरकू मुली यायच्या. त्यांच्या गावाकडे जाणारी शेवटची बस शाळा सुटायच्या आधीच निघायची. इंग्रजीचा तास शेवटचा, त्यामुळे तो अर्ध्यावर आला की या मुली दप्तरं आवरून उठायच्या. मागे राहिलं तर माणसं लोंबकळणाऱ्या जीपमधून जावं लागे, आणि त्या जीपपायी दोन मुलींचं नाव बापानं शाळेतून काढलंही होतं.

एक दिवस फळ्यावर 'वेअर डाऊन' लिहून ती शिकवत होती. शेजारच्या वर्गातून मला सगळं ऐकू यायचं. फुलवंती नावाची धीट मुलगी होती, तिनं विचारलं, "मॅडम, वेअर म्हणजे घालणं ना? मंग हे खाली घालायचे कपडे का?" वर्ग खदखदून हसला, सगळ्यांत मोठ्यानं रझिया. मग तिनं स्वतःची चप्पल काढून उलटी धरली. टाच झिजून पार गुळगुळीत झालेली. "हे पाहा, हे वेअर डाऊन. माणूस बिमारीनं हळूहळू खचते, तेबी वेअर डाऊन. अन् तिसरा अर्थ लय कामाचा हाये..." तेवढ्यात बसचा हॉर्न वाजला. मुली उठल्या. तिसरा अर्थ तिच्या तोंडातच राहिला.

त्या संध्याकाळी ती जेवली नाही. "विद्या, माझा तास रोज तो ड्रायव्हर संपवते," म्हणाली. पुढच्या शनिवारी सकाळची शाळा सुटताच ती अमरावतीच्या बसमध्ये बसली. घाटातली वळणं तिला कधीच सोसली नाहीत, ओकत जायची आणि ओकत यायची. बसच्या कचेरीतल्या साहेबांनी गोड बोलून परत पाठवलं. त्यानंतरच्या शनिवारी ती पुन्हा गेली. मग दर शनिवारी. साहेबांच्या दारासमोरच्या बाकड्यावर बसून वह्या तपासायची. एकदा मीही सोबत होते. साहेब बाहेर येऊन वैतागून म्हणाले, "मॅडम, तुम्ही पुन्हा आलात?"

"बस बदलली नाई, मंग मी कशी बदलू?" ती म्हणाली आणि पुन्हा वहीत मान घातली.

ते साहेब बदलून गेले. नव्यांपुढे तिनं पहिल्यापासून सुरुवात केली. शाळेतले लोक टिंगल करत. मुख्याध्यापकांनी बजावलं की शाळेच्या नावानं जाऊ नका, तर म्हणाली, माझ्या नावानं जाते. परतीच्या बसमध्ये एकदाच, खिडकीला डोकं टेकून हळूच म्हणाली होती, "आज थकली मी, विद्या." मी म्हटलं, सोड ना मग. तिनं डोळेही उघडले नाहीत. "थकली म्हटलं. सोडलं कुठी म्हटलं?"

अखेर उन्हाळा, पावसाळा आणि एक दिवाळी उलटल्यावर बसची वेळ पुढे गेली. नव्या साहेबांनी म्हणे कारकुनाला सांगितलं, "या बाईंना दर शनिवारी चहा पाजण्यापेक्षा बस उशिरा सोडणं परवडेल." त्या दिवशी शेवटचा तास पहिल्यांदाच पुरा झाला. मी दाराशी जाऊन उभी राहिले. रझियानं फळ्यावर तेच दोन शब्द लिहिले. "तिसरा अर्थ आता सांगते. समोरचा नाई म्हणते. तुमी भांडत नाई, रडत नाई. फकस्त रोज जाता. एक दिवस त्याचं नाई म्हणणं झिजून जाते." फुलवंती म्हणाली, "म्हणजे तुमी साहेबाले वेअर डाऊन केलं!" रझियानं खडू ठेवला आणि ओढणीत तोंड लपवलं. तिला रडताना मी तेव्हाच पाहिलं.

पुढे ती अकोल्याला आली, मी अमरावतीला. लग्न तिनं केलं नाही. त्या बाबतीत घरच्यांचं नाही चाललं, तिचंच चाललं. निवृत्तीनंतर जठारपेठेतल्या घराच्या ओसरीवर मुलींना इंग्रजी शिकवायला लागली. आधी गुडघे गेले. डॉक्टर म्हणाले, झीज आहे, वयोमानानं होतं. ही म्हणाली, "गुडघ्याची असन. मले काहून सांगता?" मग कॅन्सर निघाला. शेवटी तिला दवाखान्यात ठेवलं होतं, तर रोजच्या राऊंडला तिथल्या तरुण डॉक्टरकडे एकच विचारणा, घरी कधी सोडता. त्यानंही हात टेकले. ती घरी आली, पलंग ओसरीवर घ्यायला लावला आणि आडव्यानंच शिकवू लागली. आवाज इतका खाली गेलेला की मुली अंगावर ओणवून ऐकायच्या. आमची शेवटची भेट तिथलीच. माझे डोळे भरलेले पाहून पुटपुटली, "काहून रडून राहिली? क्लास चालू हाये ना..."

तिच्या चाळिसाव्या दिवसाच्या दुआला मी पुन्हा जठारपेठेत गेले. पलंग आत गेला होता, ओसरी धुऊन काढलेली. दुपारी चार-पाच मुली आल्या आणि भिंतीला टेकून बसल्या. सलीमभाई हळू आवाजात म्हणाले, "बेटा, क्लास आता बंद हाये. सांगितलं ना काल." मुली माना डोलावून तिथंच बसल्या, पुस्तकं उघडून. ते माझ्याकडे वळले. "रोज येऊन बसतात, ताई. परवा आले, काल आले. आज मले ओसरी धुऊन ठेवा लागली, लेकरं मातीत बसतील म्हणून." बोलता बोलता त्यांनी आतून सतरंजी आणली आणि झटकून अंथरली.

मग मला म्हणाले, "तुमी मराठीवाल्या आहा, मले मालूम हाये. पण थोडं इंग्रजी येत असन ना?"

मी सतरंजीवर बसले. एका मुलीनं पुस्तक माझ्यापुढे सरकवलं.


आता दर शनिवारी मी अकोल्याला जाते.