फ्लॉपीतला पैसा आणि डाळीचा डबा

किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही हो. ड्रॉवरमध्ये रबरबँड साठतात तसे ते साठतात. एक दिवस काहीतरी शोधायला जावं आणि सगळा गुंता हातात यावा! आमच्या रविवार मंडळाचं तसंच आहे. कुणी आज मोबाइलवरून पैसे पाठवताना दिसलं की माझ्या तोंडून निघतंच, "अरे, यावर आम्ही सांगलीत कधीच भांडून मोकळे झालोय!"

नव्वदचं दशक संपत आलं होतं. विश्रामबागेत माझा कॉम्प्युटर क्लास होता. रविवारी क्लासला सुट्टी, त्यामुळे खुर्च्या रिकाम्या. रिकाम्या खुर्च्या दिसल्या की आपल्याकडे मंडळ स्थापन होतंच. त्यातला पेटलेला माणूस म्हणजे विनायक. बँकेत नोकरी, डोक्यात कायम काहीतरी नवीन. पुण्यात त्याचा एक मित्र इंटरनेट वापरायचा. त्याच्याकडून विनायक प्रिंटआउटचे गठ्ठे घेऊन यायचा. एकदा असाच आला आणि दारातूनच ओरडला, "सर, नोटा संपल्या! जगात आता इलेक्ट्रॉनिक पैसा येणार! दिसणार नाही, वाजणार नाही, खिशात मावायची भानगड नाही!"

आमचे भूपालअण्णा हळदीचे व्यापारी. पिढीजात अडत. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि शांतपणे विचारलं, "न्हाई, ते सगळं खरं. पर फाटकी नोट आली तर ती कुनाच्या गळ्यात मारायची?"

विनायक म्हणाला, "अण्णा, ती फाटतच नाही!"

"मग धंद्यात मजा काय राहिली?" अण्णा म्हणाले. तिथून जो वाद पेटला तो दीड-दोन वर्षं विझला नाही.

*

मंडळात चौथे होते सुभेदार. मूळचे कोरेगावचे, पलटणीतून रिटायर होऊन कुपवाडच्या एका कारखान्यात सिक्युरिटीला लागलेले. मिशा अशा की समोरचा आपोआप ताठ उभा राहायचा. त्यांची पहिली हरकत क्रिकेटची होती.

"ह्या तुमच्या पैशाला छापा हाय का?"

"नाही."

"काटा?"

"नाही हो, सुभेदार."

"मंग टॉस कशानं उडवायचा रं गड्या?"

विनायकनं प्रिंटआउटचा अख्खा गठ्ठा चाळला. टॉसचं पान त्यात नव्हतं!

*

एका रविवारी विनायक गुप्ततेवर घसरला. पैसे देणारा आणि घेणारा, दोघांनाच रक्कम कळणार. बाकी जगाला व्यवहार झाला एवढंच दिसणार, आकडा कुलूपबंद! फळ्यावर त्यानं इतके बाण काढले की शेवटी त्यालाच कळेना कुठला कुठे चाललाय.

सुभेदार म्हणाले, "आरं, ह्यात नवीन काय हाय? बैलबाजारात रुमालाखाली हात घालून बोटं धरत्यात. बघनाऱ्याला दिसतंय काय? नुसता रुमाल! भाव कळतोय फकस्त दोघांना."

"अगदी तेच!" विनायक आनंदानं उडालाच. "करून दाखवा! सगळ्यांना समजेल!"

अण्णांना हा प्रकार वडिलांच्या वेळेपासून ठाऊक. सुभेदारांनी खिशातला मोठा रुमाल काढला. आता नाटकापुरती का होईना, विकायला वस्तू हवी. अण्णांनी खिडकीतून खाली बोट दाखवलं. तिथं त्यांची स्कूटर उभी होती.

रुमालाखाली हात गेले. रुमाल जरासा हलला, अण्णांचं डोकं नकारार्थी. सुभेदारांच्या मिशा हलल्या. अण्णा हसले. पुन्हा रुमाल हलला. आम्ही श्वास रोखून बघतोय आणि विनायक फळ्याजवळून कॉमेंट्री करतोय, "पाहा, आकडा कुणालाच कळत नाहीये!" शेवटी दोघांनी एकमेकांचे हात गच्च दाबले आणि रुमाल बाजूला झाला. आम्ही टाळ्या वाजवल्या.

सुभेदारांनी तळहात पुढे केला. "किल्ली."

"आवं सुभेदार, ते दाखवायपुरतं हुतं!"

"अण्णा, रुमालाखाली हात दाबला का न्हाई तुमी? दाबला. मंग सौदा झाला. माझा बा सुदिक बैल परत देत न्हवता!"

अण्णांचा चेहरा हळदीसारखाच झाला. पण व्यापारी माणूस! बाजारात शब्द मोडला असं उद्या कुणी म्हणायला नको. त्यांनी किल्ली काढून दिली. त्या दिवशी अण्णा घरी चालत गेले. स्कूटर कितीला गेली हे आम्ही दोघांनाही खूप खोदून विचारलं. विनायकच्या गुप्ततेची शपथ, आजपर्यंत कळलेलं नाही!

*

मग विनायक म्हणाला, नुसतं बोलून काय होणार, प्रयोग करू. मंडळाचं स्वतःचं चलन! रविवारी जन्मलं म्हणून नाव ठेवलं 'रवि'. प्रत्येकानं माझ्याकडे पैसे जमा करायचे, त्याबदल्यात एक फ्लॉपी मिळायची. फ्लॉपी म्हणजे पाकीट. खालच्या कँटीनमधून चहा आला की फ्लॉपी माझ्या कॉम्प्युटरमध्ये घालायची, विनायकचा प्रोग्रॅम एक रवि वजा करायचा.

सगळ्यांचे रवि संपले. सुभेदारांचे संपेनात! चहा पितायत, आम्हाला पाजतायत, वर भजीसुद्धा! शेवटी विनायकनं त्यांची पिशवी बघितली तर आत फ्लॉप्यांची चळत. पठ्ठ्यानं पहिल्याच दिवशी भरलेल्या फ्लॉपीच्या कॉप्या काढून ठेवल्या होत्या. कॉपी काढायला त्यांना मीच शिकवलं होतं!

"सुभेदार, याला नकली नोटा छापणं म्हणतात!" विनायक किंचाळला.

"छापलं कुटं? कॉपी केली. म्हत्त्वाच्या कागदाची दुसरी कॉपी ठेवल्याबिगर फौजी मानूस झोपत न्हाई!"

तेवढ्यात विनायकची बायको सुनंदावहिनी त्याला जेवायला बोलवायला आल्या. त्यांनी दारातूनच सगळं ऐकलं आणि म्हणाल्या, "सुभेदारकाका, मग यांच्या पगाराची पण एक कॉपी काढून द्या की!"

त्या दिवसापासून वहिनी मंडळाच्या सभासद झाल्या. आणि वादाला खरी धार आली.

*

दिवाळीनंतरच्या रविवारी अण्णांनी फ्लॉपी दिली, मी ती कॉम्प्युटरमध्ये घातली आणि आतून असा आवाज आला की जणू जात्यात खडा गेलाय! बाहेर काढली तर पिवळी-लाल. आत हळद, कुंकू, एक अक्षतसुद्धा!

"अण्णा, हे काय?"

"दुकानात लक्ष्मीपूजनाला मांडली हुती."

"अहो, फ्लॉपी पूजेत?"

"तुमीच म्हनला, ह्यो पैसा हाय. मग पैसा पुजायचा न्हाई तर काय करायचं त्येचं?" अण्णा उलट माझ्यावरच चिडले. ड्राइव्ह गेला तो गेलाच. पण खरं सांगू? मला त्यांचा राग आलाच नाही. आमच्या सगळ्यांमध्ये तो पैसा मनापासून खरा मानणारा तो एकच माणूस होता.

त्याच दिवाळीत विनायकनं दुसरा पराक्रम केला. भाऊबीजेला पलूसहून बहीण आली. तिनं ओवाळलं, आणि यानं तबकात फ्लॉपी टाकली! म्हणाला, "ताई, भविष्यातली ओवाळणी आहे." ताईच्या घरी कॉम्प्युटर कुठला? ती उठली, आत गेली आणि भावासाठी ताट घेऊन आली. ताट रिकामं.

"ताई, यात काहीच नाही!"

"आसं कसं? भविष्यातलं लाडू हायेत. खा!"

*

एवढ्यानं थंड पडेल तो विनायक कसला! त्यानं बँकेतल्या साहेबांना क्लासवर बोलावलं, प्रयोग दाखवायला. साहेब टाय लावून आले. विनायकनं दुसऱ्या कॉम्प्युटरमध्ये फ्लॉपी घातली, "आता पाहा सर..." म्हणाला आणि लाइट गेली. आमच्या भागातलं लोडशेडिंग! सगळीकडे काळोख, कारण पडदे लावून घेतले होते. कुणाचा तरी पाय कुणाच्या तरी पायावर.

अण्णांचा आवाज आला, "आता पैसं कुटं गेलं?"

"कुठेही गेले नाहीत, लाइट आली की येतील," विनायक म्हणाला.

अण्णांनी कँटीनच्या पोऱ्याला हाक मारली, चहा सांगितला, खिशातून नोट काढून त्याच्या हातावर ठेवली. "बघा सायेब. हिला लाइट लागत न्हाई."

साहेब मनापासून हसले. त्या अंधारातही विनायकचं पडलेलं तोंड मला दिसत होतं.

*

आता जरा गंभीर. सुनंदावहिनी वादात एवढ्या तावातावानं का उतरायच्या, हे मला माझ्या बायकोकडून कळलं; आम्ही आणि विनायक एकाच कॉलनीत राहायचो. वहिनींना इंटरलॉकचं मशीन घ्यायचं होतं. शिवण त्यांचं इतकं सुबक की कॉलनीतल्या अर्ध्या बायका त्यांच्याकडूनच ब्लाउज शिवून घ्यायच्या. पण मशीनचं नाव काढलं की विनायक म्हणायचा, "घरात कारखाना नको!" म्हणून त्या किराणा, भाजी, दूध यांतून वाचलेले चार-चार रुपये डाळीच्या डब्यात, डाळीच्या खाली ठेवत होत्या. नवऱ्याला पत्ता नाही.

आणि नवऱ्यानं काय काढलं? म्हणाला, मंडळ पुरे, आता अख्खी कॉलनी! कॉलनीतला किराणावाला, दूधवाला तयार केले. पगार झाला की घरखर्चाची रक्कम कॉम्प्युटरवर जमा, खरेदी झाली की वजा, आणि महिनाअखेरीला घराघरात छापील हिशेब! कोथिंबिरीच्या जुडीपर्यंत! तो मला हात पकडून सांगत होता, "सर, घरात एक पैसा लपणार नाही! केवढी पारदर्शकता!" मी मान डोलावली. दुसरं काय करणार? एकीकडे मित्राचं स्वप्न, दुसरीकडे वहिनींचा डबा. 

*

सव्वीस जानेवारीला कॉलनीचं झेंडावंदन झालं. सुभेदारांनी मेडलं लावून सलामी दिली, जिलेबी वाटली गेली आणि तिथंच खुर्च्यांवर सभा भरली. ठराव विनायकचा. अध्यक्ष अण्णा, ते आमच्या कॉलनीत राहत नसूनही. कारण भांडणं आमच्यात झाली तर बाहेरचा माणूस बरा!

विनायक त्या दिवशी काय बोलला! जग कुठं चाललंय, आपली कॉलनी जगाच्या पुढे कशी जाईल, चोरी नाही, सुट्ट्यांची कटकट नाही. पुरुष मंडळी टाळ्या वाजवत होती. मीसुद्धा वाजवल्या, खोटं कशाला बोलू, अंगावर काटा आला होता. अण्णा म्हणाले, "आता हात वर करून मत घ्यायचं. कुनाला काय बोलायचं हाय?"

मागच्या रांगेतून सुनंदावहिनी उठल्या. पदर खोचलेला. माईक न घेताच म्हणाल्या, "मत घ्यायच्या आधी मला एकदा हात वर करून घ्यायचेत. फक्त बायकांचे. ज्यांच्या डब्यात नवऱ्याला माहीत नसलेले पैसे आहेत, त्यांनी हात वर करा!"

एक बांगडी वाजली नाही. पुरुष माना वळवून वळवून आपापल्या बायकांकडे बघतायत आणि बायका झेंड्याकडे! अशी एकाग्र देशभक्ती मी पुन्हा पाहिली नाही.

"बघितलं?" वहिनी म्हणाल्या. "एक हात वर आला नाही. उद्यापासून तुमचा कॉम्प्युटर दर महिन्याला आमचे हात पिरगाळून वर करणार. तो पैसा चोरीचा नाही. आमचा श्वास घ्यायचा पैसा आहे तो!"

विनायक उठला. "सुनंदा, पण लपवायचं कशाला? आपल्या घरात कुणी लपवतं का?"

आणि पहिल्या रांगेत एक हात वर झाला. सुरकुतलेला, हिरव्या गोंदणाचा. विनायकच्या आई, आक्का! या असल्या सभांना त्या कधी येत नसत. झेंड्याला आल्या होत्या, त्या जिलेबीसाठी थांबल्या होत्या.

"माझं हायती पैसं," आक्का म्हणाल्या. "माझा मालक गेला वरती, मी कुनाला भिऊ?"

सगळी सभा फुटली. सुभेदार तर मांडी बडवून हसायला लागले. विनायक मात्र गोरामोरा.

"आई! तुझे पैसे? कुठं ठेवतेस?"

"डाळीच्या डब्यात. खाली."

वहिनींचा हात तोंडावर गेला. त्या मटकन खुर्चीत बसल्या.

"अगं, तो डबा तर सुनंदाचा आहे!" विनायक म्हणाला.

"व्हय. तिच्या मशीनला कमी पडत्यात म्हनून माझ्या पेन्शनीतलं त्यातच टाकती."

हसणं थांबलं. विनायक एकदा आईकडे, एकदा बायकोकडे बघत राहिला. मग अगदी लहान आवाजात म्हणाला, "पण आई... तिनं पैसे त्या डब्यात ठेवलेत, हे तुला कुणी सांगितलं?"

आक्कांनी उरलेली जिलेबी तोंडात टाकली, बोटं पदराला पुसली आणि म्हणाल्या, "सांगायचं काय त्यात? तुझा बा हुता तवा त्यो डबा माझा हुता!"