पलीकडचा कुकारा

मी चौथीपर्यंत शिकले. चार माणसांत तोंड उघडायला मला अजून लाज वाटते, म्हणून हे लिहून ठेवते आहे... कोणाला दाखवीन की नाही, ठाऊक नाही. आमच्या तोंडवली गावात भुतेखेते मानणारे पुष्कळ आहेत. मी त्यातली नव्हे. अमावास्येलासुद्धा एकटी खाडीवर जाळी धुवायला गेले आहे, कधी काही दिसले नाही.

ही २०१० च्या मे महिन्यातली गोष्ट. आमच्या घराच्या पुढे समुद्र, मागे खाडी. पूर्वी पलीकडून कोणाला यायचे असले की तो तिकडच्या काठावर उभा राहून कुकारा घालायचा आणि घरचे माणूस होडी घेऊन जायचे. प्रत्येक घराचा कुकारा वेगळा. आमचा दोन तोकडे, एक लांब. मोबाईल आले आणि ते सगळे बंद पडले.

माझ्या नवऱ्याची थोरली काकी आमच्याकडेच असे. तिला आम्ही थोरली आये म्हणायचो. तेव्हा ती ऐंशीच्या घरात होती. लग्नाला वर्ष व्हायच्या आत तिचा नवरा मोठ्या लढाईत गेला — बंदूक धरायला नव्हे, ब्रह्मदेशातल्या नद्यांवर बोटी चालवायला खलाशी हवे होते म्हणून. लढाई संपली, तो आला नाही. मेल्याचेही कोणी कळवले नाही. बारा वर्षांनी घरच्यांनी तो मेला असे धरून, दर्भाचा पुतळा करून त्याचे दिवस घालायचे ठरवले, तेव्हा ती उंबऱ्यात आडवी बसली.

"हाडां नाय, निरोप नाय, आणि दिवस कसले घालतास?"

रोज सकाळी ती कुंकू लावायची. पाठीमागे बाया हसायच्या. पुढे हसणाऱ्याही मेल्या, ही लावतच राहिली.

त्या मे महिन्यात पुतण्या विनू मुंबईहून मित्राला घेऊन आला. दोघे इतिहासावर गप्पा मारतात, त्या रेकॉर्ड करून कॉम्प्युटरवर टाकतात — पॉडकास्ट म्हणतात म्हणे त्याला. महायुद्धाच्या शेवटच्या लढाया हा विषय होता, आणि घरचाच माणूस त्यात गेलेला म्हणून इथे पडवीत बसून बोलायचे त्यांनी ठरवले. बाजूला मी आणि थोरली आये आमसुलांसाठी रतांबे फोडत होतो. तिला कित्येक वर्षे ऐकू येत नव्हते, मोठा गडगडाटसुद्धा कळत नसे.

विनू सांगत होता, जर्मनी शरण गेली तरी ब्रह्मदेशात लढाई थांबली नव्हती. सितांग नदीला पूर, वरून पाऊस, आणि काठावर माणसे पलीकडे जायला होडीची वाट बघत...

थोरली आये हातातला रतांबा टाकून उठली.

"होडी घाल गो. पलीकडे तो उभो आसा. आमच्या घरचो कुकारो."

मला काहीच ऐकू आले नव्हते. विनूने हसून कानाला हात लावला आणि ऐकू येते का, अशी खूण केली.

"तुझा येणा नाय," ती म्हणाली. "तेचा येता."

नवरा मालवणला गेलेला. विनू आणि त्याचा मित्र होडीत बसायला कां-कूं करू लागले तशी ती त्यांना म्हणाली, लढायेच्यो गजाली करतास आणि पाण्याक भियतास. शेवटी मीच तिला घेऊन निघाले. वाटले, रिकामा काठ बघितला की गप्प बसेल.

काठ रिकामाच होता. पाणी अगदी निवांत, तेलासारखे. मी होडी टेकवली. थोरली आये फळीवर थोडी सरकली, कोणाला बसायला जागा करून द्यावी तशी. आणि होडी खाली बसली.

वल्हे मारणाऱ्या बाईला वजन हाताला कळते. एका टोपलीचाही फरक कळतो. येताना ती होडी दोघींची नव्हती. मी थोरल्या आयेकडे पाठ करून वल्हे मारत राहिले, मागे बघायचा धीर झाला नाही.

आमच्या काठाला मी उतरले, तिला धरून उतरवले. होडी वर आली नाही... तशीच खाली. मग थोरली आये वळली आणि तिने होडीकडे हात पुढे केला. होडी वर आली.

तिने तिथेच खाडीचे पाणी ओंजळीत घेऊन कपाळ धुतले.

"कुकू तो येयसर लावूचा होता," ती म्हणाली. "आता तो इलो. आता तेचे दिवस घाला."

दिवस घातले. पावसाळ्यात तीही गेली.

संध्याकाळी विनूने रेकॉर्डिंग लावून बघितले. नदीपर्यंतचे बोलणे नीट होते. मग त्याचा आवाजच नाही — नुसते पाणी, आणि त्या पाण्यावर पडणारा पाऊस. मेमध्ये आमच्याकडे पावसाचा थेंब नव्हता. मशीन बिघडले असेल, म्हणाला. असेलही.

पण दुपारी आम्ही काठाला उतरलो तेव्हाच होडीच्या सुक्या लाकडावर ओली रेघ उठली होती, दोघी बसल्यावर उठते त्याच्या चार बोटे वर. कोणाला तरी हाक मारून दाखवावी असे फार वाटले. पण पडवीत विनूचा मित्र होता, परका माणूस... माझ्या तोंडातून आवाज फुटेना. ऊन कडक होते. मी बघत उभी राहिले आणि रेघ वाळून गेली. ते वजन कोणाचे होते, ते मला आजही सांगता येत नाही.