दक्षिणेकडची खिडकी

निघताना आईने हातावर दही ठेवलं आणि म्हणाली, "जातो म्हणू नकोस, येतो म्हण." मी "येतो" म्हटलं. ठाण्यात, टेंभी नाक्यावरच्या आमच्या दारात स्टेशनवर न्यायला खटारा उभा होता, आणि शेजारच्या काकू सवयीने केरसुणी घेऊन ओटीवर आलेल्या. आईने त्यांच्या हातातून केरसुणी काढून घेतली. माणूस उंबरा ओलांडून गेला की लगेच केर काढत नाहीत. त्या दिवशी तिने घरात केरच काढू दिला नाही, हे मला पुढे कळलं.

मी मुंबईच्या एका शेठजींच्या पेढीवर कारकून होतो. ऑस्ट्रेलियात मेलबर्न नावाचं शहर आहे, तिथे देशोदेशींच्या मालाचं मोठं प्रदर्शन भरायचं होतं. शेठजींनी चंदनाच्या पेट्या नि पितळी समया पाठवायचं ठरवलं, आणि मालासोबत इंग्रजी बोलणारा माणूस म्हणून मला. नाही म्हटलं असतं तर नोकरी गेली असती. काका म्हणत, समुद्र ओलांडला की धर्म बुडाला. आईची भीती वेगळी होती. "दक्षिण म्हणजे यमाची दिशा रे. तिकडे का पाठवतायत तुला?" वडील मी लहान असताना गेले, बायको तापाने वारली, मूलबाळ नाही. घरात आम्ही दोघंच. "माझ्या तोंडात शेवटचं पाणी तुझ्या हातचं पडू दे," ती म्हणाली, "एवढ्यासाठी तरी परत ये." खटाऱ्यात बसल्यावर मला दुसरं काही आठवेना. ती गेली आणि मी तिथे असलो तर? किंवा मीच तिथे मेलो तर?

तुमच्यातले जे झांजिबारला नि रंगूनला गेले, त्यांना आगबोटीचं काही सांगायला नको. बाकीच्यांनी एवढंच समजा, की मी वाटभर भिजवलेले पोहे आणि गूळ खाऊन राहिलो आणि लाटेचा प्रत्येक दणका माझ्यासाठीच आहे असं धरून चाललो. ध्रुव रोज थोडा खाली उतरत होता. एक दिवस तो दिसेनासाच झाला. सोबत धर्मा होता, ठाण्याच्या खाडीवरचा, मिठागरात वाढलेला, पेट्या उचलायला आणि राखायला घेतलेला. तो म्हणाला, "भाऊ, तारा गेला त जाऊंदे, बोट हाय ना आपली?" मला त्याचा राग आला. भीती वाटत असताना शेजारी न भिणारा माणूस असला की फार एकटं वाटतं.

मेलबर्न पाहून कुणीही तोंडात बोट घालावं. रुंद, सरळ रस्ते, दोन्ही बाजूंना दगडी इमारती, संध्याकाळी गॅसच्या बत्त्या. चित्रं पाहायला वेगळं दालन, गाण्याला वेगळी दालनं, आणि एक वाचनालय असं, की हात स्वच्छ असले की कुणालाही आत जाता येई. जात नाही, कूळ नाही, फक्त हात दाखवायचे. मी दोनदा धुऊन गेलो, तरी दारात पुन्हा पुसले. हे सगळं मी पाहिलं, पण मांजर माळ्यावरून खाली बघतं तसं. घोड्यांची भलीमोठी ऑम्निबस अंगावर येतेय असं वाटून भिंतीला चिकटायचो. खाटकाच्या दुकानाबाहेर टांगलेली अख्खी जनावरं दिसली की रस्ता बदलायचो. आणि सगळ्यात मोठी धास्ती ही, की इथे मेलो तर हे लोक मला पुरतील. तिथे कुणी जाळत नाही, हे मी घरमालकिणीला विचारून घेतलं होतं. त्यानंतर ती माझ्याकडे जरा जपूनच बघायची.

तिच्या घरात मला आणि धर्माला एक खोली मिळाली होती. खिडकी एकच, तीही बोळात उघडणारी. आम्ही पोचलो तेव्हा पावसाळी, झाकोळलेले दिवस होते, आणि उजाडायच्या आत आम्ही प्रदर्शनाच्या इमारतीत जायचो ते दिवे लागल्यावर यायचो. उगवतीमावळतीचा सूर्य काही दिसलाच नाही. पण पहिल्याच रविवारी, भर दुपारी, ढग फाटून त्या खिडकीतून ऊन आत आलं. आपल्याकडे दुपारचा सूर्य कुठे असतो? दक्षिणेला कललेला. म्हणजे खिडकी दक्षिणेकडची. मी लगेच खाट फिरवली, उशी खिडकीकडे केली. पाय दक्षिणेकडे करून झोपायचं नाही, तसं प्रेत ठेवतात, हे आईने लहानपणापासून माझ्या कानीकपाळी ओरडून सांगितलेलं.

त्यातच पितृपक्ष आला. पंचांग मी बरोबर नेलं होतं. वडिलांच्या तिथीला पहाटे अंघोळ केली, जानवं उजव्या खांद्यावर घेतलं आणि त्या खिडकीकडे तोंड करून तीळ-पाणी सोडलं. परक्या देशात, परक्या पत्र्याच्या टबात ओंजळीतलं पाणी पडताना मला रडू आलं. पण बरंही वाटलं. निदान हे एक काम मी नीट केलं होतं.

सर्वपित्री होऊन दोनेक दिवस झाले असतील. काम लवकर आटोपलं, आभाळ निवळलं होतं, म्हणून मी आणि धर्मा मोठ्या रस्त्याने चालत निघालो. चढ चढून वर आलो, आणि मागे वळून पाहिलं. रस्त्याच्या टोकाला, जहाजांच्या डोलकाठ्यांमागे, लालभडक सूर्य बुडत होता. ती पूर्व होती. माझ्या हिशेबाने ती पूर्व होती!

मी धर्माचा दंड धरला. "धर्मा, सूर्य पूर्वेला मावळतोय."

"कनाला भेताव, भाऊ?" तो म्हणाला. "मावळतोय ना? मंग झालं."

भूगोल मी शिकलेलो होतो. विषुववृत्त ओलांडलं की दुपारचा सूर्य उत्तरेला जातो, हे मास्तरांनी फळ्यावर काढून दाखवलेलं. पण अंगात मुरलेली दिशा फळ्याला विचारून वागत नाही. तिथेच, लोकांच्या धक्क्यांत उभा राहून, मला एकेक गोष्ट उमगत गेली. खिडकी उत्तरेची होती. इतके दिवस मी पाय दक्षिणेकडे करून, प्रेतासारखा झोपत होतो. आणि वडिलांचं पाणी मी पितरांकडे पाठ करून सोडलं होतं. एवढ्या अपशकुनाचा माझ्या मनाने एकच अर्थ घेतला: आई गेली.

त्यानंतरचे महिने मी कसे काढले ते मलाच ठाऊक. खाट पुन्हा फिरवली, तेव्हा घरमालकीण दारात येऊन विचारू लागली, की गादी टोचते का. तिला काय सांगणार? घरचं पत्र यायला महिना-सव्वा महिना लागे. हातात पडलेलं पत्र आई असतानाचं, पुढचं कुणी सांगावं? प्रदर्शनात लोक समया बघून वाहवा करत, मी हसून उत्तरं देई. वाचनालयात एक पृथ्वीचा गोल होता. मी त्याच्यापाशी जाऊन उभा राहायचो. मुंबई होती त्यावर, ठाणं नव्हतं. जिथे असायला हवं तिथे बोट टेकवून मी मनातल्या मनात म्हणायचो, थांब गं, मी येतोय.

परत आलो तेव्हा वैशाख होता. ठाणे स्टेशनातून घरापर्यंत मी जवळजवळ धावत गेलो. आई ओटीवर बसलेली होती. वाळलेली, काठीसारखी झालेली, पण होती. मी पायरीपाशीच बसलो.

काका आणि ज्ञातीची चार मंडळी आधीच येऊन बसली होती. काका म्हणाले, "तूर्त आत येऊ नकोस. प्रायश्चित्त होईपर्यंत तुझ्या हातचं पाणी कुणाला चालायचं नाही." मी मान हलवली. तेवढ्यात आई उठली, आतून भरलेला तांब्या नि फुलपात्र घेऊन आली आणि माझ्यासमोर ठेवून म्हणाली, "पाणी दे मला."

"आई, थांब. प्रायश्चित्त होऊ दे."

"आणि तोवर मी गेले तर?"

मी तांब्यातून फुलपात्रात ओतलं, निम्मं पाणी पायरीवर सांडलं. उरलेलं ती सगळ्यांदेखत प्यायली. मंडळी उठून गेली. आता आम्ही दोघंही वाळीत.

शेजारच्या काकू तेवढ्या दाराआडून कुजबुजल्या, "ह्या अशाच वागतायत रे तू गेल्यापासून. जेवायला दक्षिणेकडे तोंड करून बसतात. सांगून सांगून थकले, घरात अभद्र होईल म्हणून."

"माझं पोर तिकडे," आई म्हणाली, "मग मी तोंड कुठे करू? यमाचं म्हणाल, तर यांना नेलंन् तेव्हाच त्याची नि माझी ओळख झाली."

तेव्हा मी तिला सगळं सांगितलं. खिडकी, खाट, तर्पण, उलटा सूर्य. वडिलांना पाणी पोचलं नसेल ही भीतीही सांगितली. ती ऐकत राहिली आणि मग तोंडाला पदर लावून हसायला लागली.

"त्यांनी कधी तुझी चूक काढली होती का? घेतलं असेल पाणी," ती म्हणाली. "म्हणजे तू उत्तरेला तोंड करून, मी दक्षिणेला. समोरासमोरच बसलेलो की रे आपण."

प्रायश्चित्ताला तिने नकारच दिला. माझ्या पोराने काय पाप केलंय, म्हणे. शेवटी ठाणं सुटलं. आम्ही कल्याणला तळ्याजवळ दोन खोल्या घेतल्या, जिथे आमचं कूळ फारसं कुणी विचारत नव्हतं. मेलबर्न किती लांब, आणि कल्याण दोन स्टेशनांवर. पण खरं घर सुटलं ते या प्रवासात, आणि त्याचा हुंदका मला अजून येतो. टेंभी नाक्यावरून जायची वेळ आली की आजही मान खाली जाते, कुणी ओळखेल म्हणून.

आई कल्याणलाच गेली. शेवटचं पाणी माझ्या हातचं होतं.

तुम्ही विचारता, आता घर कुठलं म्हणायचं. मला नीट सांगता येत नाही. भाद्रपदात तिच्या तिथीला मी ओंजळीत तीळ-पाणी घेऊन दक्षिणेकडे तोंड करतो. दिशा चुकली तर काय, ही धास्ती अजून वाटते. दोनदा सूर्य बघून घेतो. मग पाणी सोडतो आणि डोळे मिटतो. पाट मांडून ती समोर बसलेली असते, माझ्याकडे तोंड करून.